वाचकांचे प्रश्न : रानगाजराचे फूल उलटे करून पाहा

गेल्या अंकात कुरणातल्या फुलांविषयीचा लेख प्रसिद्ध झाल्यानंतर पांढऱ्या, छत्रीसारख्या फुलोऱ्याच्या एका रानवनस्पतीविषयी वाचकांची बरीच पत्रे आली. तिचे नाव रानगाजर. लिनिअसने 1753 मध्ये तिला डॉकस कॅरोटा हे शास्त्रीय नाव दिले. पत्रांतील सारखे प्रश्न एकत्र करून येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण तेथे झालेली चूक जिवावर बेतू शकते.

प्रश्न : सोबतच्या छायाचित्रातील फूल रानगाजराचे आहे का? असल्यास त्याचे मूळ खाता येईल का?

हे छायाचित्र फुलोऱ्याच्या बरोबर वरून घेतलेले आहे. पांढऱ्या फुलांची जाळी त्यात सुंदर दिसते, परंतु तेवढ्यावरून वनस्पती ओळखणे मला शक्य नाही आणि इतर कोणी ती ओळखून दिली तरी आपण त्यावर विसंबू नये. या महिन्यात आलेली जवळजवळ सर्वच छायाचित्रे अशी वरून घेतलेली होती. रानगाजराची ओळख पटवणाऱ्या खुणा मात्र फुलोऱ्याच्या खाली, देठावर आणि खोडावर असतात.

गाजराच्या कुळात सुमारे 3,700 जाती आहेत आणि धणे, जिरे, बडीशेप, शेपू, ओवा या परिचित वनस्पती त्याच कुळातल्या आहेत. खोडाच्या टोकाशी एकाच बिंदूतून अनेक देठ छत्रीच्या काड्यांसारखे फुटतात, प्रत्येक देठाच्या टोकाशी पुन्हा तशीच लहान छत्री असते आणि त्या लहान छत्रीत पाच पाकळ्यांची बारीक फुले असतात. मराठी वनस्पतिशास्त्रात या फुलोऱ्याला चवरीवरून चामरकल्प असे नाव आहे. ही रचना कुळातल्या बहुतेक जातींत सारखीच असते आणि त्यांपैकी पुष्कळ जातींची फुले पांढरीच असतात. अशा पांढऱ्या छत्र्यांमध्ये रानगाजर आहे आणि ज्याच्या रसाने सॉक्रेटिसचा अंत झाला ते हेमलॉक, म्हणजे कोनियम मॅक्युलेटम, हेही आहे.

म्हणून फुलोरा हातात न घेता प्रथम जमिनीजवळ वाकून तो खालून पाहावा. मुख्य छत्रीच्या काड्या जेथून फुटतात तेथे रानगाजराला हिरव्या छदांचा, म्हणजे फुलोऱ्याच्या बुडाशी येणाऱ्या पानांसारख्या भागांचा, मोठा घेर असतो. हे छद साधे पात्यासारखे नसतात; प्रत्येक छद पिसासारखा बारीक, लांब फाट्यांत चिरलेला असतो, त्यामुळे फुलोऱ्याखाली जणू दुसरी हिरवी जाळी लावलेली आहे असे वाटते. हेमलॉकच्या छत्रीखालचे छद आखूड, न चिरलेले आणि खाली वळलेले असतात. माझ्या मते दोहोंमधला हा सर्वांत स्पष्ट फरक आहे, कारण एकदा पाहिल्यावर तो डोळ्यांत राहतो.

त्यानंतर खोड पाहावे. रानगाजराचे खोड हिरवे, उभ्या कंगोऱ्यांचे आणि राठ केसांचे असते. उजेडाच्या दिशेने तिरपे पाहिले की केस स्पष्ट दिसतात. हेमलॉकचे खोड पूर्ण गुळगुळीत व पोकळ असून त्यावर जांभळट-तांबडे ठिपके किंवा डाग पसरलेले असतात. त्याच्या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच ‘डाग असलेले’ असा आहे. उंचीनेही अंदाज येतो, कारण रानगाजर सहसा एक मीटरच्या आतबाहेर राहते, तर हेमलॉक दोन मीटरच्याही वर जाते. परंतु हलक्या जमिनीत हेमलॉकही खुजे राहते, त्यामुळे केवळ उंचीवर निर्णय घेऊ नये. वासाचेही तेच. रानगाजराचे पान चुरडले की गाजराचा वास येतो आणि हेमलॉकला उंदराच्या लेंड्यांसारखा कुबट दर्प असतो हे खरे, पण प्रत्येकाचे नाक सारखे नसते आणि अनोळखी पान बोटांनी चुरडणे हेही शहाणपणाचे नाही. फळे धरली असतील तर काम सोपे होते: रानगाजराच्या फळांवर बारीक काट्यांच्या ओळी असतात, हेमलॉकची फळे बिनकाट्यांची, गोलसर आणि नागमोडी कंगोऱ्यांची असतात.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग. रानगाजर द्विवर्षायू आहे, म्हणजे पहिल्या वर्षी ते जमिनीलगत पानांचा झुबका आणि जमिनीत सोटमूळ तयार करते. दुसऱ्या वर्षी साठवलेले अन्न खर्चून खोड, फुले व फळे धरते आणि मरते. मूळ खाण्याजोगे असते ते पहिल्या वर्षीच, कारण खोड उभे राहिल्यावर ते काष्ठमय होते. पहिल्या वर्षी मात्र फुलोरा नसतो, छदांची जाळी नसते, फळे नसतात आणि डागांचे उंच खोडही नसते. म्हणजे ज्या वेळी मूळ खाता येते नेमक्या त्याच वेळी ओळखीच्या खात्रीच्या खुणा उपलब्ध नसतात. हेमलॉकही द्विवर्षायू आहे, त्याचाही पहिल्या वर्षी चिरलेल्या पानांचा झुबका असतो आणि त्याचेही मूळ पांढरट व सोटासारखे असते.

हेमलॉकमधील कोनाईन हे द्रव्य मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा संदेश अडवते. पायांपासून सुरू झालेली शिथिलता वर चढत जाते, रुग्ण बहुतांशी शुद्धीवर असतो आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबल्याने मृत्यू येतो. इ.स.पू. 399 मधील सॉक्रेटिसच्या अखेरच्या तासांचे जे वर्णन प्लेटोने केले आहे, त्यात पाय जड होणे आणि बधिरपणा वर सरकणे हे याच क्रमाने आले आहे. या विषावर उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवणे एवढाच उपचार असतो, म्हणून शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. याच कुळातील पाणथळ जागी वाढणारे सिक्युटा त्याहून वेगळ्या रीतीने मारते. त्याच्या विषाने तीव्र आकडी येते. हेमलॉकचे पोकळ खोड मुलांना शिट्टी किंवा फुंकनळी करण्यासाठी आकर्षक वाटते आणि त्यातून विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. वाळलेल्या खोडातही विष शिल्लक असते.

म्हणून माझे उत्तर असे की छायाचित्रातील वनस्पती रानगाजर असो वा नसो, तिचे मूळ खाऊ नये. जे मूळ मिळणार ते बोटाएवढे, धागेदार आणि फिके असते. त्यासाठी एवढी जोखीम पत्करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न : पांढऱ्या फुलोऱ्याच्या अगदी मध्ये एक काळपट ठिपका दिसतो. तो किडा आहे की रोग?

दोन्हीही नाही, ते फूलच आहे. भिंग असेल तर अवश्य पाहावे. छत्रीच्या बरोबर मध्यातून एक स्वतंत्र देठ निघतो आणि त्याच्या टोकाशी गडद जांभळ्या, कधी काळपट वाटणाऱ्या पाकळ्यांचे एकच फूल असते. क्वचित अशी फुले अनेक असतात, तर काही झाडांवर एकही नसते. त्याला बहुधा बी धरत नाही. शेजारच्या पांढऱ्या फुलांकडेही तेवढ्याच लक्षपूर्वक पाहावे, कारण छत्रीच्या कडेच्या फुलांची बाहेरच्या बाजूची पाकळी आतल्या पाकळ्यांपेक्षा ठळकपणे मोठी असते. शेकडो बारीक फुले मिळून कीटकांना एकच मोठे फूल वाटावे, अशी ही मांडणी आहे. गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. जांभळ्या गाजराला रंग देणारी द्रव्ये याच गटातली.

इंग्रजीत या वनस्पतीला ‘क्वीन ॲन्स लेस’, म्हणजे ॲन राणीची लेस, म्हणतात. लेस विणताना राणीच्या बोटाला सुई टोचली आणि रक्ताचा थेंब मध्यभागी पडला, अशी दंतकथा या ठिपक्याभोवती रचली गेली. ती राणी इंग्लंडची ॲन की डेन्मार्कची, यावर दोन मते आहेत.

शास्त्रज्ञांनाही या ठिपक्याने बराच काळ गुंतवून ठेवले आहे. एवढ्याशा फुलामुळे मोठा पांढरा फुलोरा कीटकांच्या नजरेत अधिक भरेल असे मानता येत नाही, असे चार्ल्स डार्विनने 1877 मध्ये लिहिले. पुढे काही अभ्यासकांनी हे फूल चिमट्याने काढून टाकून, काढलेल्या आणि न काढलेल्या फुलोऱ्यांवर येणारे कीटक मोजले. काही ठिकाणी फरक आढळला, काही ठिकाणी आढळला नाही. मला सर्वांत आवडलेला प्रयोग लहान भुंगेऱ्यांवरचा आहे. गडद फुले काढून टाकलेल्या फुलोऱ्यांवर हे भुंगेरे कमी आले, परंतु त्या जागी त्यांच्याच जातीचा मेलेला भुंगेरा ठेवल्यावर पुन्हा अधिक आले. पांढऱ्या पटावर आधीच कोणी बसलेले आहे असे दिसले की दुसराही उतरतो. म्हणजे आपण विचारलेला ‘किडा आहे का’ हा प्रश्न निदान त्या भुंगेऱ्यांना तरी पडत असावा. डार्विनसारख्या निरीक्षकाने निरुपयोगी ठरवलेली गोष्ट साध्या चिमट्याने आणि धीराने पुन्हा तपासता येते, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : आपण खातो ते गाजर आणि रानगाजर यांचा संबंध काय? रानगाजराचे मूळ केशरी का नसते?

दोन्ही एकाच जातीची आहेत. खाण्याचे गाजर हा तिचा लागवडीखालील उपप्रकार होय. रानगाजर मूळचे युरोप आणि पश्चिम आशियाचे असून पुढे उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलियातही पसरले. लागवड मध्य आशियात सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वी सुरू झाली असे मानले जाते आणि ती आरंभीची गाजरे जांभळी व पिवळी होती. केशरी गाजर बरेच नंतरचे. ते युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत रूढ झाले.

गाजराचा संपूर्ण जनुकीय आराखडा 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुणसूत्रांच्या नऊ जोड्या आणि सुमारे 32,000 जनुके आढळली. केशरी रंग देणारे कॅरोटीन हिरव्या पानाला प्रकाशाच्या कामासाठी लागते, अंधारात वाढणाऱ्या मुळाला ते तेवढ्या प्रमाणात लागत नाही, म्हणून रानगाजर ते मुळात साठवत नाही आणि मूळ पांढरट राहते. केशरी गाजरात रंग बनवणारे एखादे नवे जनुक आले असे नसून, रंगाला आवर घालणारी काही जनुके निष्प्रभ झाली आहेत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या रंगीत मुळेच बियाण्यासाठी राखून ठेवली, त्यातून हा आवर सुटत गेला.

याचा व्यावहारिक परिणाम बियाणे तयार करणाऱ्यांना भोगावा लागतो. कीटक रानगाजराचे पराग लागवडीतल्या फुलांवर सहज नेतात आणि त्या संकरातून निघालेल्या बियांची झाडे फिक्या मुळांची व लवकर फुलणारी निघतात, म्हणून बियाण्याच्या शेताजवळ रानगाजर राहू दिले जात नाही.

रानगाजराचा फुलोरा जवळून पाहायचा असेल तर रानात भटकण्याची गरज नाही. काढणीच्या वेळी एखादे चांगले गाजर जमिनीतच राहू द्यावे. थंडीचा पुरेसा काळ त्याला मिळाला की पुढच्या हंगामात ते खोड धरते आणि तीच पांढरी छत्री, तेच चिरलेले छद दाखवते. आपण स्वतः लावलेले असल्यामुळे ओळखीत चूक होण्याचा प्रश्न उरत नाही आणि हे छद एकदा हाताळले की रानातली वनस्पती पारखायला फार मदत होते.

प्रश्न : रानगाजराची झाडे उपटल्यानंतर दुसऱ्या दिवशी हातावर लाल चट्टे आणि फोड आले. ही ॲलर्जी आहे का?

आपल्या वर्णनावरून ही नेहमीच्या अर्थाने ॲलर्जी वाटत नाही, तरी निदान डॉक्टरांकडूनच करून घ्यावे. गाजराच्या कुळातील अनेक वनस्पतींच्या रसात फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये असतात. ती त्वचेला लागली आणि त्यावर ऊन पडले की सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या साहाय्याने त्वचेच्या पेशी भाजल्यासारख्या होतात. रस लागताना काहीच जाणवत नाही, साधारण एका दिवसाने लाली दिसते, दोन-तीन दिवसांत ती वाढते आणि फोड बरे झाल्यावरही तपकिरी डाग कित्येक आठवडे राहू शकतात. पानांचा किंवा खोडाचा जेथे स्पर्श झाला तेथेच, बरेचदा रेघांच्या रूपात, चट्टे उमटतात ही त्याची खूण आहे.

रानगाजरामुळे होणारा त्रास सहसा सौम्य असतो. याच कुळातील राक्षसी हॉगवीड, म्हणजे हेराक्लियम मँटेगॅझियानम, हिचा रस मात्र गंभीर भाजल्यासारख्या जखमा करतो. तीन-चार मीटर उंचीची, मोठाल्या पानांची ही वनस्पती असल्याने ती रानगाजर समजली जाण्याचा संभव नाही, पण पांढऱ्या छत्रीमुळे लोक तिच्याजवळ जातात. अशी कोणतीही झाडे काढताना लांब बाह्या व हातमोजे घालावेत आणि शक्यतो ढगाळ वेळ किंवा संध्याकाळ निवडावी. रस लागल्यास साबण-पाण्याने लगेच धुऊन तो भाग दोन दिवस उन्हापासून झाकून ठेवावा. फोड डोळ्याजवळ असतील किंवा मोठ्या भागावर असतील तर घरगुती लेप करत बसू नये.

प्रश्न : रानगाजराचे बी गर्भधारणा टाळण्यासाठी पूर्वी वापरत असत, असे वाचले. त्यात तथ्य आहे का?

असा वापर प्राचीन काळापासून नोंदलेला आहे, हे खरे. परंतु वापर होत असे याचा अर्थ तो खात्रीचा किंवा सुरक्षित होता असा होत नाही, आणि किती बी, कोणत्या अवस्थेतले, किती दिवस, याचे विश्वासार्ह प्रमाण उपलब्ध नाही. त्यात हेमलॉकच्या फळांशी गल्लत होण्याचा धोका आहेच. गर्भनिरोधक म्हणून यावर मुळीच विसंबू नये आणि गर्भवती स्त्रियांनी हे बी औषध म्हणून घेऊ नये.

प्रश्न : फुले गळून गेल्यावर फुलोरा आत वळून पक्ष्याच्या घरट्यासारखा होतो. तो असा का वळतो? अशी झाडे अंगणात ठेवावीत की काढावीत?

फुले उमललेली असताना छत्री जवळजवळ सपाट असते. फळे धरू लागली की बाहेरच्या काड्या आत वाकतात आणि खरोखरच घरट्यासारखी वाटी तयार होते. कोवळी फळे त्या वाटीत झाकली जातात. फळे पिकून सुकल्यावर मात्र हीच वाटी हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हालचाल करते. कोरड्या हवेत काड्या बाहेर उघडतात, दमट हवेत पुन्हा मिटतात. माझ्या टेबलावर असा एक वाळलेला फुलोरा आहे. त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की काही वेळाने तो मूठ मिटावी तसा मिटतो आणि वाळला की पुन्हा उघडतो. झाड केव्हाच मेलेले असते. काडीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांतले धागे पाणी शोषून सारखे फुगत नाहीत, त्यामुळे काडी वाकते एवढेच त्यात घडते. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी फळे बाहेर पडावीत आणि पावसात अडकून राहावीत यासाठी ही सोय फार नेमकी आहे. फळांवरचे बारीक काटे टोकाशी आकड्यासारखे असल्याने ती जनावरांच्या केसांना आणि आपल्या कपड्यांना चिकटून दूर जातात.

अंगणात ठेवावीत की नाही, हे शेजारी काय पिकते यावर अवलंबून आहे. उघड्या, उथळ फुलांमुळे मध सहज मिळतो, म्हणून लांब सोंड नसलेल्या फुलमाश्या आणि माव्यासारख्या किडींवर व अळ्यांवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या या फुलोऱ्यावर गर्दी करतात. स्वॅलोटेल गटातील काही फुलपाखरांच्या अळ्या याची पाने खाऊन वाढतात. एवढ्या कारणासाठी मी ती ठेवीन. परंतु जवळ कोणी गाजराचे बियाणे तयार करत असेल, किंवा गुरांच्या कुरणात ही झाडे माजू लागली असतील, तर ती काढणेच योग्य. एका झाडाला हजारो फळे धरतात, तेव्हा घरटे तपकिरी होऊन उघडण्याची वाट पाहू नये. फुले असतानाच, माती ओली असताना, हातमोजे घालून झाड सोटमुळासकट उपटावे. नुसते वरून छाटले तर बुंध्यापासून आखूड देठांची फुले पुन्हा येतात आणि ती गवतात लपून बी धरतात.